तलावाच्या पाळीवरचं धोतर

डकोटा विमान जमिनीवर सरळ उभं राहत नाही. त्याचं शेपूट खाली टेकलेलं असतं आणि नाक वर आभाळाकडे. त्यामुळे मागच्या दारातून आत शिरलं की समोर चढ लागतो. आपल्या खुर्चीपर्यंत टेकडी चढल्यासारखं वाकून जायचं. पुढे मी पुष्कळ जुन्या विमानांत बसलो. व्हायकाउंटच्या त्या मोठ्या अंडाकृती खिडक्या पाहिल्या, फोकरच्या डोक्यावरच्या पंखांखाली बसलो, ॲव्रोची कानात घुसणारी शिट्टी ऐकली. कुठे पोहोचायचं म्हणून नाही, नुसतं त्या विमानात बसायचं म्हणून. लोक जत्रांना जातात, तसा मी विमानांना जायचो. लोहाऱ्याजवळच्या खेड्यातला माणूस, सहकारी संघाच्या गोदामावर खताची आणि बियाण्याची पोती उतरवून घेणारा, आणि नाद कसला तर विमानांचा. लोक हसणारच. "ह्याच्या घरावरनं इमान जातंय, त्येच्यानंच डोस्कं फिरलंय," असं माझ्या तोंडावर म्हणत आणि मीही हसून घ्यायचो.

डकोटात मात्र मी एकदाच बसलो, वडिलांबरोबर. त्या प्रवासाबद्दल कोणी विचारलं की मी इंजिनांबद्दल बोलतो. इंजिनांबद्दल बोललं की ऐकणारा लवकर कंटाळतो आणि पुढचं विचारत नाही.

हा नाद मुळात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. निजामाच्या शेवटच्या दोन वर्षांत ते हैदराबादला बेगमपेठच्या विमानतळावर डकोटा धुवायच्या कामावर होते. विमानाला ते कायम जहाज म्हणायचे, तिकडे तोच शब्द होता. इंजिनाखालचे तेलाचे ओघळ रॉकेलच्या बोळ्याने पुसायचे, सोड्याच्या पाण्याने पत्रा धुवायचा आणि प्रवासी उतरले की आतली झाडलोट करून फरशी पुसायची. सकाळी इंजिन चालू करण्याआधी त्याचा पंखा दोघा-तिघांनी हाताने फिरवायचा, कारण रात्रीतून तेल खालच्या अंगाला उतरून बसतं. हे आबा इतक्या बारकाईने सांगत, की वयाच्या दहाव्या वर्षी मला बैलगाडीच्या चाकाला वंगण कसं घालतात हे ठाऊक नव्हतं, पण डकोटाचा पंखा किती वेळा फिरवायचा हे ठाऊक होतं.

"दोन वर्सं रोज जहाजात चढलो अन् उतरलो," आबा म्हणायचे, "पर जमीन कदी सुटली न्हाय."

पोलिस ॲक्शनच्या गडबडीत ते गावाकडे परतले ते कायमचे. दुसऱ्याच्या रानात मजुरी, स्वतःचा माळावरचा एक तुकडा, असं चाललं. पण हैदराबादहून पुण्या-मुंबईकडे जाणारी विमानं नेमकी आमच्या डोक्यावरून जात. आबा खुरपं थांबवून कान द्यायचे. वर न बघता सांगायचे, "डकोटा हाय." पुढे वेगळी विमानं आली तसं, "ह्ये दुसरंच हाय, शिट्टी मारतंय." मग मान वर करून ते दिसेनासं होईस्तोवर बघत राहायचे. त्यांना एकच गोष्ट कळून घ्यायची होती, वरून आपलं गाव दिसतं का. "खालनं त्ये दिसतंय," म्हणायचे, "पर वरनं आपुन दिसताव का न्हाय, ह्ये बसल्याबिगर कसं कळावं?"

बहात्तरच्या दुष्काळात आबा आणि माय दोघंही गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर होते. आबा माती खणायचे, माय पाट्या वाहायची. मी संघाच्या गोदामावर होतो. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आमच्याकडे उतरायची आणि तिच्या भाकरीला लोक शिव्या घालत खायचे. वर्षभर आभाळात बोटभर ढगही नव्हता. ते विमान तेवढं रोज दिसायचं, स्वच्छ, चकचकीत. कामावरच्या बायका पाटी उतरवून कपाळाला हात लावून बघायच्या आणि आबांना चिडवायच्या, "मामा, हाळी द्या की, थांबंल तुमच्यासाठी."

तेव्हाच आबांच्या मनात आलं की वरून गाव दिसो न दिसो, तलाव नक्की दिसत असणार. तलावाची मातीची पाळ गावापेक्षा लांब झाली होती. "एवडी माती वढली आमी," ते म्हणाले, "वरनं एक रेघ तरी वढल्यावानी दिसत आसंल का न्हाय?"

मी त्यांना डकोटात बसवायचं ठरवलं. माझा स्वभाव असा की एक गोष्ट डोक्यात आली की तीच. आबा म्हणत होते, कोणतंही जहाज चालेल. मी म्हणत होतो, नाही, तुम्ही धुतलेलं जहाज, डकोटाच. संघाच्या कामासाठी, विहिरींवरच्या पाण्याच्या इंजिनांचे सुटे भाग आणायला, मला अधूनमधून हैदराबादला जावं लागे. काम उरकलं की मी विमानतळावर प्रेक्षकांसाठी असलेल्या गच्चीत जाऊन उभा राहायचो. तिकीट देणाऱ्या कारकुनाशी ओळख काढली होती. त्याने सांगितलं की डकोटा आता उतरणीला लागले, पुण्याच्या मार्गावर नेहमीचं विमान दुरुस्तीला गेलं तरच बदली म्हणून ते येतं. मी त्याला गळ घातली. एकदा तो वैतागून म्हणाला, "लोग डकोटा है सुनके टिकट वापस करते, और तुमको डकोटाच होना!" पण भला माणूस. फाल्गुनात त्याचा संघाच्या पत्त्यावर निरोप आला की पुढच्या आठवड्यात बदलीचं विमान लागणार आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावात पूर्वी आमच्या लोकांनी मोठ्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायच्या असा दंडक होता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि माझ्या वयाच्या पोरांनी हे बंद केलं. त्यावरून मारामाऱ्या झाल्या, मी त्यात होतो, डाव्या भुवईवर अजून खूण आहे. पण आबांची सवय लवकर गेली नाही. सक्ती संपल्यावरही कितीतरी वर्षं त्या आळीच्या तोंडाशी आले की त्यांचा हात आपोआप खाली जायचा. मी बरोबर असलो की ओरडायचो. ते ओशाळून हसायचे आणि चपला पुन्हा पायात सरकवायचे. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

म्हणून विमानात बसायचं ठरल्यावर मी पहिलं काय केलं, तर लोहाऱ्यात आबांच्या मापाच्या नव्या चपला करून घेतल्या. करकर वाजणाऱ्या, जाड तळाच्या. म्हटलं, "ह्या घालून बसायचं. साहेब लोकांच्या शेजारी." आबांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "लई वाजत्यात रं," एवढंच म्हणाले, पण आवडल्या होत्या. चार दिवस त्यांनी त्या अंगणातल्या अंगणात घालून मऊ केल्या.

मायनं आपलं वेगळंच ठरवलं. ती म्हणाली, "जहाज वरनं जाईल तवा मी पाळीवर हुबी ऱ्हाते. आमी चौघीजणी तुमचं दुसरं धोतर चार कोपऱ्यानं ताणून धरताव. पांढरं हाय, दिसंल." आबा खूप हसले. मग हसणं थांबवून त्यांनी तिला धोतर नेमकं कुठे धरायचं ते सांगितलं. पाळीच्या मधोमध, सांडव्याच्या अलीकडे. तलावावर काम करणाऱ्या त्यांच्या गँगमधल्या सगळ्यांना ते कळलं. आमच्या गावातून विमानात बसणारा पहिला माणूस, त्यामुळे मुकादमानेही धोतर धरण्यापुरती सुट्टी कबूल केली.

आम्ही आदल्या दिवशी एसटीने उमरग्यावरून हैदराबादला गेलो. सकाळी विमानतळावर पोहोचलो तेव्हा डकोटा उन्हात उभं होतं, नाक वर करून. त्याच्या रंगाचे पोपडे निघाले होते. इंजिनाखाली तेलाचा काळा ओघळ होता. आबा तो ओघळ बघत राहिले. "पुसला न्हाय नीट," म्हणाले. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसाच्या अंगावर मळका सदरा दिसावा, तसं त्यांना वाईट वाटलं.

विमानाकडे चालत जायचं होतं. मला घाई होती. डकोटाचा पंख पुढच्या खिडक्यांच्या खालचं सगळं झाकून टाकतो, म्हणून जमीन बघायची असेल तर मागची खिडकी मिळवावी लागते. तलाव डाव्या अंगाला येणार हे मी नकाशावर पट्टी लावून काढलं होतं. आबांना म्हटलं, "तुमी सावकाश या, मी जागा धरतो," आणि एसटीत रुमाल टाकायला धावतात तसा मी लोकांना मागे टाकून पायरी चढून गेलो. डाव्या अंगाची मागची खिडकी मिळाली. आबा आले, त्यांना खिडकीशी बसवलं, पट्टा लावून दिला. मी इतका खुशीत होतो की त्यांच्या पायांकडे माझं लक्षच गेलं नाही.

दार बंद झालं. इंजिनं खोकत, निळा धूर सोडत सुरू झाली. हवाई सुंदरीने तबक पुढे केलं, त्यात लिमलेटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस होता. तबक देता देता ती खाली बघून थबकली आणि हसू दाबत इंग्रजीत म्हणाली, आजोबांच्या चपला कुठे आहेत? मी खाली पाहिलं. आबा अनवाणी होते. मग खिडकीतून पाहिलं. पायरी बाजूला ओढून नेली होती आणि ती होती त्या जागी, सिमेंटवर, त्या नव्या चपला एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या होत्या. एका हमालाने त्या उचलल्या, वर करून आमच्याकडे दाखवल्या. आणि आबांनी काय करावं, तर काचेतून त्याला हात हलवला. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे मोठ्याने हसले.

त्या हसण्याने माझं टाळकं फिरलं. विमान धावलं, जमीन सुटली, ज्या क्षणासाठी आबा पंचवीस वर्षं थांबले होते तो क्षण आला आणि गेला, आणि मी त्यांच्या कानाशी ओरडत होतो.

"चपला कशापायी काढल्या?"

"आत यायचं व्हतं न्हवं," आबा म्हणाले.

"ह्ये काय कुणाचं घर हाय? तिकीट काढलंय आपुन! धर्म बदलला त्यो काय पुन्यांदा कुणाच्या दारात अनवाणी हुबं ऱ्हायाला?" आणि मग जे बोलायला नको होतं ते बोललो. "जल्मभर वाकूनच ऱ्हायलात तुमी. वर आभाळात न्हेलं तरी वाकूनच बसनार."

आबा काहीतरी म्हणाले. इंजिनांच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसलो. तेवढं आठवतं की त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि धोतराचा सोगा सोडून त्यावर पसरला.

राग गिळत मी किती वेळ बसलो कोण जाणे. विमान गचके खात होतं, पत्रा थरथरत होता. हे सगळं अनुभवायला मी वर्ष घालवलं होतं, त्यातलं मी काहीच अनुभवत नव्हतो. मग एकदम आठवलं आणि घड्याळ पाहिलं. लोहारा मागे पडून दहा मिनिटं झाली होती. आबांच्या अंगावरून वाकून खिडकीबाहेर पाहिलं तर तुळजापूरकडचे डोंगर सरकत होते.

"आबा, तलाव दिसला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाय रं," म्हणाले. "ढग व्हते."

मी बाहेर बघत होतो. खाली प्रत्येक बांध, प्रत्येक कोरडा ओढा, वाळलेल्या बाभळीची सावलीसुद्धा दिसत होती. आभाळाला एक डाग नव्हता. मी फक्त मान हलवली.

पुण्यात विमानतळाचं सिमेंट तापलं होतं. आबा टाचा उचलत चालले. मी त्यांना दुसऱ्या चपला घेऊन दिल्या, त्यांनी मुकाट्याने घातल्या. मी माफी मागितली नाही. तेव्हा वाटत होतं की चूक त्यांची आहे आणि मी फार तर जरा जास्त बोललो. रेल्वेने सोलापूर आणि तिथून एसटीने आम्ही दुसऱ्या दिवशी घरी आलो.

अंगणात अर्धी गँग जमली होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "दिसलं का धोतर?"

"ढग आडवं आलं," आबा म्हणाले.

सगळे हसले. "अवो मामा, दुस्काळात ढग? आमाला तर जहाज पार शेपटासकट दिसलं. तुमालाच बरं ढग गावलं!"

"वरनं दिसत्यात," आबा शांतपणे म्हणाले. "खालनं न्हाय दिसत त्ये."

वर जाऊन आलेला गावात दुसरा कोणी नव्हता. मी होतो, पण मी खाली मान घालून पाणी पीत होतो. लोकांनी ते मानलं. पुढे गावात ते ठरूनच गेलं की आभाळात खालून न दिसणारे ढग असतात, आणि कोणी विमानाचा विषय काढला की जाणकारासारखं सांगितलं जायचं. मायनं धोतर घडी घालून पेटीत ठेवलं.

आबांना पुन्हा नेईन असं मी मनाशी घोकत होतो. त्या साली पाऊस झाला, तलावात पाणी साचलं, म्हटलं आता तर लांबून चमकेल. पण डकोटा बंद झाले. मी म्हटलं, ॲव्रोतून जाऊ. आबा म्हणाले, "आता कशाला? बगितलं की एकडाव." त्यांना दमा लागला होता. दोन पावसाळे काढले आणि तिसऱ्याच्या तोंडाशी ते गेले. शेवटच्या दिवसांत वरून विमान गेलं की मी त्यांच्याकडे बघायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. कोणतं आहे ते आता सांगायचे नाहीत.

ते गेल्यावर माझा नाद वाढला. बायको म्हणायची, ज्याची त्याची दुखवटा पाळायची रीत. मोडीत निघणारं विमान कुठे उडतंय कळलं की मी रजा टाकून जायचो. खिडकीत बसायचो, पट्टा लावायचो आणि प्रत्येक वेळी विमानाने जमीन सोडली की मला माझाच ओरडण्याचा आवाज ऐकू यायचा.

पुढे आठ-दहा वर्षांनी मी पुन्हा हैदराबादहून पुण्याला निघालो. ॲव्रो होतं. तेही थकलेलं, त्याचेही दिवस भरत आलेले. उशीर होता, म्हणून आम्हाला विमानाजवळ नेऊन उभं केलं होतं. पायरीच्या तळाशी एक झिजलेला चपलांचा जोड होता, एकमेकींना लावून नीट ठेवलेला. थोड्या वेळाने आतून एक झाडूवाला उतरला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओलं फडकं. खाली आला आणि त्याने चपला पायात सरकवल्या.

मी त्याला गाठलं. विचारलं, चपला बाहेर काढायला कोणी सांगतं का?

तो माझ्याकडे बघत राहिला. असला प्रश्न त्याला कोणी विचारला नसणार. "कौन बोलता, साब? चप्पल की मिट्टी अंदर गई तो फिर अपनेकोच पोंछना पडता." आणि बादली उचलता उचलता म्हणाला, "खुद पोंछेली जगा पे कौन चप्पल लेके जाता?"

बस, एवढंच होतं. आबा कोणापुढे वाकले नव्हते. दोन वर्षं रोज त्या दारातून आत जाताना त्यांनी चपला पायरीशी काढल्या होत्या, कारण आतली फरशी त्यांनी स्वतः पुसलेली असायची. पंचवीस वर्षांनी ती पायरी समोर आली आणि पायांना तेच आठवलं. जुन्या कामाच्या जागी ते कामकऱ्यासारखे शिरले होते आणि मी त्यांना गुलाम ठरवलं. त्यांनी हेच सांगितलं असेल, इंजिनांच्या आवाजात. मी पुन्हा विचारायला हवं होतं.

मी डाव्या अंगाला मागे बसलो. पाऊण तासाने लोहारा आलं आणि त्याच्या जरा पुढे तलाव. पाणी होतं. पाळ इतकी सरळ आणि स्पष्ट दिसली की सांडवासुद्धा ओळखू आला. आबांनी म्हटलं होतं तशीच, कोणीतरी रेघ ओढल्यासारखी. पाळीवर चार म्हशी होत्या, त्याही दिसल्या. चार बायकांनी ताणलेलं धोतर तर दिसलंच असतं. मला रडू आवरलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी मला कापूस देऊ केला, त्यांना वाटलं कान दुखतोय.

घरी आलो तेव्हा माय चुलीपुढे होती. तिला आता कमी दिसायचं. कुठून आलास विचारलं, मी सांगितलं. तिने भाकरी उलटली.

"तलाव दिसला?"

कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "न्हाय. ढग व्हते."

ती हसली. फार दिवसांनी हसली. "आता तूबी त्येच सांग," म्हणाली.

मग भाकरी निखाऱ्याशी लावून फुगवली. "त्या दिशी ढग नव्हतं. आमी धोतर धरून हुब्या व्हताव, जहाज डोक्यावरनं गेलं, आन पार दिसंनासं झालं तरी कुनी हात खाली केला न्हाय. रातच्याला म्या त्यांना इचारलं, खरं सांगा, धोतर दिसलं का न्हाय. तर म्हनले, खिडकीकडं बगायचंच ऱ्हायलं. पोरगं लई कावलं व्हतं, रडतंय का काय म्हनून त्याच्या तोंडाकडंच बगत बसलो. म्हनले, त्याला सांगू नगंस, जिवाला लावून घेईल."

तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.